सातव्या पदराच्या गाठी

शूर्पारक नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या पटवेकऱ्यांच्या आळीत जन्माला आला. रेशमाच्या दोऱ्यात मणी ओवून दागिने गाठवणे हा त्या आळीचा धंदा. सोणदत्त नावाच्या वृद्ध पटवेकऱ्यापाशी तो शिकायला राहिला. तिथे त्याच्या आधीपासून एक शिष्य होता. त्याचे नाव रोहक.

रोहकाचा हात चपळ होता. बोधिसत्त्व सावकाश काम करी. प्रत्येक मण्यानंतर तो दोऱ्याला गाठ मारी, हाडाच्या सुईने ती मण्यापर्यंत सरकवी आणि मगच पुढचा मणी घेई. सोणदत्तांची शिकवण तशीच होती. ते म्हणत, "दोरा तुटला तर एक मणी जावा. हार जाऊ नये."

गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच विचारी, "तो हळू काम करणारा आहे का घरात?" त्यात वाईट हेतू नसे. पण काम त्याच्याच हातचे हवे असे, हे रोहकाला खुपे.

एका वर्षी राजकन्येचे लग्न ठरले. तिला सातपदरी हार हवा होता, कवड्या, पोवळी, स्फटिक आणि गोमेदाचे मणी मिळून केलेला. सोणदत्तांनी शिष्यांना पदर वाटून दिले. आळीची रीत अशी होती की पदर कोणीही ओवोत, सातही एकत्र घेऊन शेवटची गाठ जो मारील त्याचाच तो हार. मान त्याचा, आणि दोषही त्याचाच. मंगलप्रसंगी हार तुटला तर राजा त्या माणसाचा अंगठा तोडवीत असे.

रोहकाला ती शेवटची गाठ हवी होती. सर्वांच्या आधी काम संपवले तर गुरुजी आपल्यालाच सांगतील, असे त्याला वाटले. त्या घाईत त्याने सर्वांत आतला, कवड्यांचा सातवा पदर गाठींशिवाय ओवला. कवड्या एकमेकींना चिकटून बसल्या. वरून पाहता काही कळत नव्हते, आणि गुरुजींची नजर तर केव्हाच अधू झाली होती.

"झालासुद्धा? ठेव तिथे," सोणदत्त म्हणाले. मग त्यांनी बोधिसत्त्वाच्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटची गाठ हा मारील."

घरी रोहकाची बायको सामा भात वाढता वाढता थांबली. "म्हणजे याही वेळी त्याचंच नाव? त्या घरी आधी तुम्ही गेलात ना?"

"मीच आधी गेलो."

"कशाला? कवड्या पुसायला?"

रोहकाने ताट सरकवले. त्याला ती सावकाश बोटे दिसत होती, आणि त्या बोटांकडे कौतुकाने पाहणारे लोक दिसत होते. आता त्याला हार नको होता. त्या माणसाला तो मिळू नये, एवढेच हवे होते.

हार राजवाड्यात पोचवण्याचे काम त्याने मागून घेतले. हार रोहकाच्या हाती देताना बोधिसत्त्वाचे डोळे लाल होते. आनंदाने झोप आली नसेल याला, असे रोहकाच्या मनात आले आणि त्याने दात आवळले. वाटेत एका वडाखाली थांबून, कवड्या पुसण्याचे निमित्त करून, त्याने सातव्या पदराला सुरीचे टोक लावले. नजर रस्त्यावर होती. दोरा त्याने पुरता कापला नाही. राजकन्या वडिलांच्या पाया पडायला वाकेल, ताण बसेल, आणि बिनगाठीचा पदर भर मंडपात सांडेल. पदर आपल्या हातचा आहे हे त्याला आठवत होते. पण नाव दुसऱ्याचे होते.

मंडपात रोहक पुढे जाऊन उभा राहिला. बोधिसत्त्वही लग्नाला आला होता. राजकन्या वाकली. दोरा तुटला. एक कवडी टपकन खाली पडली.

रोहक दुसरीची वाट पाहत राहिला. ती पडली नाही. तुटलेल्या पदराची दोन टोके लोंबत होती आणि बाकीची प्रत्येक कवडी आपल्या जागी होती. दर दोन कवड्यांच्या मध्ये एक बारीक, घट्ट गाठ होती. त्या हाताची गाठ रोहक ओळखत होता. बोधिसत्त्वाचे डोळे का लाल होते, ते त्याला आता कळले.

"शेवटची गाठ कोणाची?" राजाने विचारले.

"माझी, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

"दोरा कसा तुटला?"

बोधिसत्त्वाने टोक पाहिले. झिजून तुटलेले रेशीम पिंजते. हे अर्धेअधिक सरळ कापलेले होते. "सुरीने, महाराज."

"कोणाच्या?"

"ते मी पाहिले नाही, म्हणून सांगणार नाही. गाठ माझी, तेव्हा दोष माझा." त्याने हात पुढे केला.

रोहक गर्दीतून बाहेर आला. "सुरी माझी, महाराज. पदरही माझाच, गाठी न मारलेला. यानं तो उसवून पुन्हा गाठवला." मग तो बोधिसत्त्वाकडे वळला. "बोलला का नाहीस रे? गुरुजींना सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा सुई धरली नसतीस, दादा."

"याचा अंगठा तोडा," रोहकाकडे बोट दाखवून राजा म्हणाला.

"महाराज, आतला पदर सांधायला चार हात लागतात," बोधिसत्त्व म्हणाला. "दोन हातांनी बाकीचे पदर अलग धरायचे, दोन हातांनी गाठ मारायची. गुरुजींना दिसत नाही. याचा अंगठा गेला तर हार असाच राहील."

"तात, मुहूर्त निघून चाललाय," राजकन्या म्हणाली. "माझ्या लग्नात रक्त नको. आधी माझा हार द्या."

राजाने मान डोलावली आणि शिक्षा मागे घेतली. दोघे मंडपातच खाली बसले. रोहकाने सवयीने पदर अलग धरायला हात पुढे केले. पण पदर बोधिसत्त्वाने धरले आणि सुई त्याच्यापुढे केली. हाराची शेवटची गाठ आता रोहकाची, म्हणून त्यांच्या रीतीप्रमाणे हार त्याचा होणार होता, मान आणि दोष दोन्हींसकट. रोहकाने पडलेली कवडी ओवली आणि गाठ मारली. सावकाश मारली. सरकवून कवडीपर्यंत नेली, ओढून पाहिली, आणि मगच हार राजकन्येच्या हाती दिला.

सोबत्याच्या प्रवचनाची स्तुती ऐकून ज्याला भिक्षेचे अन्न कडू लागले होते, अशा एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा रोहक तू होतास. सोणदत्त म्हणजे तुला दीक्षा देणारे स्थविर. आज सकाळी जिने तुम्हा दोघांना भिक्षा वाढली, ती उपासिका राजकन्या होती. आणि तो सावकाश काम करणारा पटवेकरी मीच होतो. दुसऱ्याच्या कामातले उणे गाजावाजा न करता भरून काढावे आणि मानही त्यालाच द्यावा. या गुणाला मैत्री म्हणतात."