बिननावाचं दुखणं

फार फार वर्षांमागची गोष्ट. तुमचे-आमचे खापरपणजोबासुद्धा तेव्हा जन्मले नव्हते. एका खळाळत्या नदीच्या काठी एक गाव होतं. नदीवर पूल होता तो दोराचा. दर पावसाळ्यात पूर यायचा आणि पूल घेऊन जायचा. पाणी ओसरलं की गावकरी अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे लांब लांब धागे, नदीत भिजवायचे आणि नवा दोर वळायला घ्यायचे.

या कामात एक जागा सगळ्यात मानाची. दोराचे तीन पेड जिथे एकमेकांत मिळतात तिथे उभं राहायचं, हाताने ताण जोखायचा आणि "आवळा!", "सोडा!" अशी हाळी द्यायची. ती जागा हौसाची होती. तिच्या आधी ती तिच्या सासूची होती. गावाचा नियम असा की ज्याचं एक साल चुकलं, त्याच्या घरातून ती जागा कायमची गेली.

हौसा अंगापिंडाने चांगली दणकट. पण त्या वर्षी तिच्या पोटात काहीतरी बिनसलं. कळ यायची ती जीव नकोसा करून जायची. खाल्लेलं अंगी लागेना. जरा बरं वाटतंय म्हणावं, तोवर पुन्हा आडोशाकडे धाव. कधी रक्तही पडायचं. बघता बघता तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

गावात सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं, जिरं खा. कुणी म्हणालं, जिऱ्यानेच तर झालंय. एका शहाण्याने हे सगळे मनाचे खेळ आहेत असं सांगितलं. त्याचं स्वतःचं पोट दोन माणसांचं जेवण मुकाट जिरवत होतं, त्याला काय जातंय सांगायला!

शेवटी हौसा राजधानीत राजवैद्यांकडे गेली. वैद्य म्हातारे होते आणि खरं बोलणारे होते. त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपलं, नाना प्रश्न विचारले.

"बाई," ते म्हणाले, "आतड्यांना आतून जखमा करणारा एक आजार असतो. तो येतो, जातो, परत येतो आणि जन्मभर पाठ सोडत नाही. तुम्हाला तोच असेल. कदाचित नसेलही. दुसरी काही दुखणी हुबेहूब अशीच दिसतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर घात होईल. मला अजून पाहावं लागेल. कळ सोसण्यापुरता काढा देतो. नक्की काय ते कळलं की निरोप पाठवीन."

"तोवर मी काय करू?"

"तोवर थांबायचं," वैद्य म्हणाले. त्यांनाही ते सांगताना बरं वाटलं नाही.

आता त्या गावात एक चाल होती. ज्याच्या दुखण्याला नाव नाही, त्याच्या दारात मुसळ आडवं ठेवायचं. मुसळ आडवं असलेल्या घरातल्या आजाऱ्याला कुणी काम सांगायचं नाही, जेवणाला बोलवायचं नाही, काही विचारायचं नाही. कुणा दयाळू पूर्वजाने आजाऱ्याला विसावा मिळावा म्हणून ही चाल पाडली होती. पण दयाळू माणसं गेली आणि मुसळं तेवढी राहिली. ज्यांचं दुखणं असं अधांतरी होतं, ती माणसं उंबऱ्याच्या आत बसून जुनी होत गेली. पायाला मुंग्या येणारा एक धनगर होता. डोकं धरून बसणारी एक तेलीण होती. लोक त्यांची नावंसुद्धा विसरत चालले होते.

हौसाच्या दारात मुसळ आलं. आत बसून ती रात्रंदिवस एकच विचार करायची: तोच आजार असेल का? नसेल का? असेल तर काय? नसेल तर हे काय? दुखण्याने तिला जेवढं खाल्लं नाही, तेवढं या विचाराने खाल्लं.

पाऊस सरला. पाणी उतरलं. वाख भिजत पडला. दोर वळायच्या दिवशी सकाळी पाटील तिच्या दारी आले. माणूस मनाने वाईट नव्हता.

"पोरी, आज तू आली न्हाईस तर जागा जाईल," ते मुसळापलीकडून म्हणाले. "म्हणून एक तोड काढलीय. पलीकडच्या वाडीत एक बुवा हाय. कोंबडं दिलं की दुखण्याला नाव देतो. कसलं बी नाव घे. वात म्हण, उष्णता म्हण. नाव झालं की मी सोताच्या हातानं मुसळ उचलतो."

हौसाला मोह झाला. का होऊ नये? इतके महिने ती एका नावासाठी तडफडत होती. खोटं का होईना, ते तळहातावर घट्ट धरून ठेवावं असं तिला वाटलं.

"आणि औषध?" तिने विचारलं.

"त्ये बी बुवाच देतो. जमालगोट्याचा जुलाब. समद्याला एकच."

हौसाच्या पोटातून कळ उठली आणि तिच्याबरोबर संतापही उठला.

"पाटीलबाबा, दुखण्याचं नाव वैद्य ठेवतील तवा ठेवतील. खोटं मी ठिवू देणार न्हाई. माझं नाव बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवलंय. हौसा! दोर वळायला तेवढं पुरं हाय."

आतून सासू म्हणाली, "नाव न्हाई म्हणून मांजर दूध प्यायचं राहतं का? जा गं पोरी!" आणि तिने दारातलं मुसळ उचलून उखळाशी नेऊन उभं केलं.

हौसा नदीवर गेली. मागोमाग सासू दोन कुडाच्या ताट्या आणि पाण्याची घागर घेऊन आली. कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर तिने आडोसा उभा केला. तो कशासाठी ते सगळ्यांना कळलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुष खाकरले.

"हसा," हौसा म्हणाली. "पण हसताना दोर सैल सोडू नका."

ती आपल्या जागेवर उभी राहिली. तीन पेड जमिनीवर पडले होते. एकही हात पुढे आला नाही. चाल मोडायची कुणी? ऊन चढू लागलं. ओला वाख वाळला की तटातट तुटतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. हौसाला वाटलं, झालं, गेली जागा. तरी ती हलली नाही.

तेवढ्यात गर्दी फाटली. धनगर पाय ओढत आला आणि त्याने पहिला पेड उचलला. त्याच्यामागून तेलीण आली, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं. तिने दुसरा उचलला.

"तिसरा?" हौसाने विचारलं.

पाटलांनी उन्हाकडे पाहिलं, वाखाकडे पाहिलं. मग त्यांनी धोतराचा काचा मारला. "गावाला पूल पायजे, का चाल पायजे!" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी तिसरा पेड हातात घेतला. मग काय, सगळा गाव धावला.

"आवळा!" हौसाची हाळी पलीकडच्या काठाला जाऊन आपटली.

दुपारी कळ आली. "धरा तसंच!" म्हणत हौसा आडोशाकडे पळाली. सगळा गाव पेड ताणून, घाम निथळत, एका आजारी बाईची वाट बघत उभा राहिला. कुणी हसलं नाही. ती आली, हात धुतले, पेडांना हात लावला. "धनगरदादा, तुमच्याकडं सैल हाय," ती म्हणाली, आणि काम पुढे सुरू झालं. जागा हौसाच्याच घरी राहिली, आणि धनगराला व तेलिणीला दुसऱ्या दिवशी लोक नावाने हाका मारू लागले.

पूल जवळजवळ बांधून होत आला, तेव्हा राजवैद्यांचा माणूस आला. हौसा पुलाच्या मधोमध बसून गाठी मारत होती. खाली पाणी घुमत होतं. काठावरूनच त्याने ओरडून निरोप सांगितला:

"वैद्यबुवा म्हणतात, अजून नक्की सांगता येत नाही! आजार असेल, नसेलही! उन्हाळ्यात पुन्हा या!"

हौसाचे डोळे भरून आले. तिला भीती वाटली, अगदी पहिल्या दिवशी वाटली होती तशीच. तिने त्या दुखण्याला एक सणसणीत शिवी हासडली. इथे लिहिण्याजोगी ती नाही.

मग तिने डोळे पुसले आणि काठाकडे हात केला.

"उन्हाळ्यात येते म्हणावं," ती ओरडली. "आणि बघत काय बसलाय? वाखाची पुढची जुडी टाका!"

तात्पर्य: दुखण्याचं नाव कळायचं तेव्हा कळेल, तोवर आपलं जगणं कुणी थांबवू म्हटलं, तरी थांबवू देऊ नये.