राजाच्या तोंडून 'जागा आहे'

रत्नावळी नगरीवर भलतंच संकट आलं. बाजारातल्या ओट्यांवर, देवळाच्या पायऱ्यांवर तरणी पोरंपोरी झोपू लागली, आणि तीही नेमकी राजे वीरभानूंच्या पालखीच्या वाटेवर! राजांच्या डोळ्यांना केवढा तो त्रास!

राजांनी प्रधानांना चौकशीला धाडलं. प्रधान पालखीत बसूनच चौकशी करून आले. म्हणाले, "महाराज, या पोरांना मोकळी हवा आवडते."

आता कुणाला सावत्र आईनं हाकललेलं, कुणाचे आईबाप साथीत गेलेले, कुणाचा बाप पिऊन बडवायचा. पण हे कळायला पालखीतून उतरावं लागतं. एवढे कष्ट प्रधानांनी का म्हणून घ्यावेत?

त्यांतलीच एक सगुणा. मामीनं घराबाहेर काढलेली, लोकांची भांडी घासून पोट भरणारी. थंडी पडू लागली तशी ती तडक राजांच्या नव्या वाड्यावर गेली. त्या दिवशी तिथं वास्तुशांत होती. होमाचा धूर, पुरणाचा वास, भटजींची धांदल.

"महाराज, आपली धर्मशाळा वर्षभर कुलपात आहे. ती आम्हाला उघडून द्या."

"म्हणजे तुम्ही ती मळवणार! तिथं जागा नाही."

"अहो, रिकामी आहे ना!"

"रिकामी आहे म्हणून तर स्वच्छ आहे!" दरबाऱ्यांनी माना डोलावल्या, तसा राजांना चेव आला. "ऐक पोरी. आमच्या तोंडून 'जागा आहे' एवढं वदवून दाखव, धर्मशाळा तुमची. नाही जमलं तर दिवेलागणीच्या आत सगळे वेशीबाहेर!"

वेशीबाहेर रान, आणि रानात लांडगे.

"निदान मुलींपुरती तरी, महाराज?"

"जागा नाही!"

"कोपऱ्यात पडून राहू."

"जागा नाही! जागा नाही! जागा नाही!"

सगुणानं झटकन कानांवर हात ठेवले. "अगबाई! हळू बोला महाराज! आज वास्तुशांत ना?"

"मग?"

"घरात जे बोलावं त्याला वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आमच्याकडं तांदूळ संपले तरी बायका 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. आणि आपण घरधनी, नव्या घरात उभे राहून, आजच्या दिवशी 'जागा नाही' म्हणताय? तेही एकदा नाही! उद्या आपणच ओट्यावर आलात तर?"

राजांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींची दक्षिणा अजून यायची होती, तरी ते कसेबसे म्हणाले, "तोंडून गेलं खरं, महाराज."

राजांनी घाईघाईनं हात जोडले आणि ते मोठ्यानं ओरडले, "नाही हो वास्तुपुरुषा! जागा आहे! भरपूर जागा आहे! सगळ्यांना जागा आहे!"

"तथास्तु!" सगुणा म्हणाली.

राजे गर्रकन तिच्याकडे वळले.

"अगं ए! आम्ही या वाड्याबद्दल बोललो!"

"वाडा तर वाडा, महाराज. आम्ही चालवून घेऊ. अंथरुणं आणू का?"

राजे आधी लालबुंद झाले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसत सुटले. "नको गं बाई, नको! धर्मशाळाच घे! आणि तिथली कारभारीण तूच!"

त्यांनी किल्ली सगुणाच्या हातावर ठेवली. त्या संध्याकाळी वास्तुशांतीची पंगत धर्मशाळेत बसली, आणि पुरणपोळी वाढायला स्वतः राजे वाकले.