आधी शेवरी, मग वेल

एका गावात एक बाई होती आणि तिचं कुणी खरं मानत नव्हतं. नाव भिवरा. जे असेल ते तोंडावर सांगायची. लोकांना गोड खोटं आवडतं, मग तिचं कोण ऐकणार?

गाव पानमळ्यांचं. खायच्या पानांचे वेल, घरोघरी तोच धंदा. मळ्यात पायताण घालून कुणी शिरायचं नाही, इतका त्या वेलाचा मान. पण वेलाला स्वतःचा कणा नसतो. म्हणून मळा करताना आधी शेवरीचं बी पेरतात. शेवरीची झाडं माणसाच्या वर गेली, की मग त्यांच्या बुडाशी वेल लावतात आणि बांधत बांधत वर चढवतात. आधी शेवरी, मग वेल. त्या गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

पण वेलाचं जे कळतं, ते माणसाला स्वतःचं कळेलच असं नाही.

भिवराची सासू पडली, कंबर मोडली आणि अंथरुणाला लागली. मरेना, उठेना. नवरा आधीच गेलेला. सासूला धुवायचं, भरवायचं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, सगळं भिवरानं एकटीनं बरीच वर्षं केलं. आनंदानं केलं असं ती कधी म्हणाली नाही. केलं, एवढंच. मळ्याकडं बघायला हात उरले नाहीत. वेल वाळून गेला. सासू गेली तेव्हा भिवरा रडायला बसली, तर पाठ धरली.

मग तिनं मळा नव्यानं उभा करायला घेतला. शेवरीचं बी पेरता पेरता तिचा हात थांबला. तिला वाटलं, या वेलाला सोय आहे. मला कुठं आहे?

त्या गावाची एक रीत होती. वर्षातून एकदा वेल शेवरीवरून खाली काढतात, गुंडाळून मातीत पुरतात, म्हणजे पुन्हा नवा फुटवा येतो. त्याला म्हणतात उतरण. उतरण संपली की सगळे मळेवाले बांधावर एका पंगतीला जेवतात. त्या पंगतीत भिवरा उभी राहिली.

"दर खुडणीला माणशी एक टोपली पानं बाजूला काढू," ती म्हणाली. "त्या पानांच्या विक्रीवर गावातल्याच दोघी-तिघी बाया नेमू. ज्याला आपल्या हातानं जेवता येत नाही, उठता येत नाही, अंग धुता येत नाही, त्याला त्यांनी सांभाळायचं. कितीही वर्षं लागोत. ज्याची टोपली आली, त्याचा हक्क. आणि टोपली धडधाकट असतानाच सुरू करायची. पडल्यावर कुणाची घ्यायची नाही."

हैबतीतात्यांचा मळा गावात सगळ्यांत मोठा. ते हसले की गाव हसायचं.

"भिवरे, पोळीच्या ताटावर हगण्यामुतण्याचं बोलू नये," तात्या म्हणाले.

"तात्या, ते ताटानंतरच येतं."

पंगत हसली. तात्यांना ते लागलं. "मला तीन मुलगे आहेत. म्हणजे सहा हात. मला कशाला हवी तुझी टोपली?"

"ते सहा हात वेल बांधायला आहेत. तुम्हाला धुवायला त्यातला एक जरी पुढं आला, तर मला बोलवा. बघायला येईन."

"सून आहे की."

तात्यांची धाकटी सून मंजुळा वाढत होती. भिवरानं तिच्याकडं बघितलं. "सून म्हणजे शेवरी नव्हे, तात्या. तीपण वेलच आहे."

मंजुळाच्या हातातली पळी जरा थांबली, मग पुढं गेली.

पलीकडून एकजण म्हणाला, "आणि आक्का, जन्मभर टोपली देऊन मी झोपेतच गेलो तर? माझी पानं फुकट."

"ज्या वर्षी वादळ येत नाही, त्या वर्षी शेवरीकडं भरपाई मागतोस का रे?"

त्यानं मान हलवली आणि पोळी मोडली. पण मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे. पंगत उठली, हात धुतले, बोलणंही धुऊन गेलं. भिवराबरोबर चारच घरं आली, तीही विधवांची आणि बिनलेकरांची. त्यांच्या टोपल्या मळ्याच्या तोंडाशी वेगळ्या दिसायच्या, तर येणारे-जाणारे म्हणायचे, हे भिवराचं सुतक. भिवरा ऐकायची आणि टोपली भरायची.

काही वर्षांनी त्यातली चांगुणा म्हातारी अंथरुणाला लागली. मागं-पुढं कुणी नाही. नेमलेल्या बाया सकाळ-संध्याकाळ यायच्या, तिला पुसून काढायच्या, वेणी घालायच्या, भरवायच्या. शेवटपर्यंत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. गेली तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं. गावानं ते बघितलं. त्यानंतर टोपल्या वाढल्या. लोक त्या टोपलीलाच शेवरी म्हणायला लागले.

हैबतीतात्या मात्र म्हणाले, "बिनलेकरांना ठीक आहे ते."

पुढच्याच साली पान खुडताना तात्यांची शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पाय गेला. ते उताणे पडले ते पडलेच.

आता सहा हातांची गंमत ऐका. थोरला शहरात होता, त्याला रजा नव्हती. मधला बाजार बघायचा, त्याला सवड नव्हती. धाकटा घरातच होता, तर तो म्हणाला, "मला बघवत नाही." ज्यांना बघवत नाही त्यांनी बघायचं नाही, आणि मंजुळाला कुणी विचारलंच नाही. ती एकटीच तात्यांना उचलायची, वळवायची, धुवायची. तिचं लेकरू ओट्यावर रडत बसायचं.

एवढं करून तात्यांच्या तोंडी बोल तिलाच. पाणी गार दिलं. भाकरी जाड केली. मुद्दाम आपटलं. पहिले काही दिवस त्यांनी शिडीला शिव्या दिल्या, मग हाडवैद्याला, आणि ते दोघं संपले तशी सून उरली. शेजारच्या मळ्यात वेल बांधणाऱ्या भिवराला कुंपणापलीकडचं सगळं ऐकू यायचं.

एक दिवस तात्यांनी तिला बोलावणं धाडलं. पाठीला जखमा झाल्या होत्या. घरात वास होता.

"भिवरा, माझी टोपली घे आता. एक नको, दहा घे. आज दे पाठवून त्या बायांना."

भिवरा बाजेजवळ बसली. तिला मजा वाटायला हवी होती. इतकी वर्षं ज्यानं गावाला हसवलं, तो आज हात पसरून पडला होता. पण त्या पाठीकडं बघून तिला सासू आठवली आणि मजा आली नाही.

"तात्या, वेल जमिनीवर पडल्यावर शेवरीचं बी पेरतात का?"

तात्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढंच काय ते त्यांना आपलं आपण वळवता येत होतं.

भिवरा बाहेर आली. तिच्यामागून आलेल्या नेमलेल्या बाया अंगणात थांबल्या होत्या. एक म्हणाली, "आक्का, दहा टोपल्या म्हणजे थोडं नाही. घ्या की."

"आज यांची पडल्यावर घेतली, तर उद्या उभ्यानं कोण देईल?" भिवरा म्हणाली. "सगळे पडायची वाट बघतील. मग ज्यांनी उन्हातान्हात भरली, त्यांच्या तोंडचा घास यांना द्यायचा? नाही घेणार."

मंजुळा दाराआड उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला.

भिवरानं ते बघितलं. मळ्यात शिरताना काढतात तसं तिनं पायताण उंबऱ्याबाहेर नीट काढून ठेवलं, पदर खोचला आणि ती पुन्हा आत आली.

"मी शेवरी म्हणून आले नाही, तात्या. शेवरीवर तुमचा हक्क नाही. मी शेजारीण म्हणून आले. आणि तीही या पोरीसाठी. मंजुळे, धडकी चादर आण. माणसाला हातांनी ओढायचं नसतं, चादरीनं वळवायचं असतं. मला कुणी शिकवलं नाही म्हणून माझी पाठ गेली."

दोघींनी तात्यांना कुशीवर घेतलं. जखमा पुसल्या. पाणी गारच होतं, पण या वेळी तात्यांनी बोल लावला नाही.

"आता लेकांना बोलवा," भिवरा म्हणाली. "सहा हात मोजून दाखवा मला."

तात्यांचं तोंड अजून शाबूत होतं, आणि पहिल्यांदाच ते बरोबर जागी चाललं. थोरल्यानं शहरातून गडी लावून दिला. मधल्यानं रोजची सकाळ पत्करली. धाकट्याला तात्या म्हणाले, "बघवत नसेल तर डोळे मीट, पण चादर धर." मंजुळाला दुपार मोकळी मिळाली. त्या दुपारी तिनं पहिल्या दोन टोपल्या भरल्या. एक स्वतःच्या नावानं, एक नवऱ्याच्या.

तात्या पुढं बरीच वर्षं जगले. जखमा भरल्या. बाज खिडकीशी ओढली होती, तिथून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. "शेवरी लावलीस का? नाही? मग हसतोस काय?" भिवरानं बोलून जेवढी घरं आणली नाहीत, तेवढी तात्यांनी पडल्या पडल्या आणली.

पुढच्या उतरणीला लेकांनी त्यांची बाज पंगतीत आणली. मंजुळा यंदा वाढत नव्हती, भिवराशेजारी जेवायला बसली होती. कुणीतरी हळहळलं, "तात्या, एका शिडीपायी काय हाल झाले तुमचे."

तात्यांनी पोळीचा घास गिळला. "शिडीनं पाडलं, पण उताणं कुणी ठेवलं? मळा लावताना शेवरी आधी पेरली, आणि स्वतःच्या वेळी सुनेच्या अंगावर चढलो. शिडीचं नाव काढू नका."

भिवरानं त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली. तिचं खरं मानलं गेलं होतं. तिला तेवढं पुरे होतं.

तात्पर्य: आधाराची सोय धडधाकट असताना करावी, कारण पडल्यावर ती विकत मिळत नाही. आणि ज्यानं ती केली नाही, त्यानं शिडीला, वैद्याला, सुनेला बोल लावू नये. या गोष्टीत दोष एकाचाच, आणि तो हैबतीचा.