पाखरांसाठी तीन घरं

एकदा एक सुतार आपल्या वृद्ध गुरूकडे तीन लहान लाकडी घरं घेऊन गेला. पाखरांना दाणे ठेवण्यासाठी ती केलेली होती. पहिल्याला देवळासारखं शिखर होतं. दुसरं दुमजली होतं आणि त्याला नक्षीदार सज्जे होते. तिसऱ्याला तीन बाजूंनी भिंती, वर उतरतं छप्पर आणि पुढच्या फळीत एक गोल दार होतं. तिन्ही घरं पॉलिशने अशी चकाकत होती की एखाद्या सावकाराने दिवाणखान्यात मांडावीत.

शिष्य म्हटला तरी तो काही पोरसवदा नव्हता. पन्नाशीला आला होता आणि पंचक्रोशीत त्याच्या कपाटांना नाव होतं. याच्या पेटीत मुंगीसुद्धा शिरत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकून तो विनयाने मान खाली घाली आणि मिशीत हसून घेई.

"अप्पा, यातला एक नमुना निवडून द्या," तो म्हणाला. "तिसरा सगळ्यांत चांगला जमला म्हणून आठ दिवस कुंदाच्या खिडकीबाहेर टांगला. बाजरी घातली, तांदळाच्या कण्या घातल्या. एक चिमणी फिरकली नाही. आता या दोनांतला कोणता लावू?"

कुंदा ही त्याची एकुलती एक मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने ती सातव्या महिन्यात घरी आली होती. बापाने आधीच सागवानी पाळणा करून ठेवला होता. बाळ जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. पाळणा माळ्यावर चढला आणि कुंदाचं बोलणं बंद झालं. त्याला आता दोन महिने होत आले होते. खिडकीजवळच्या बाजेवर ती नुसती बसून राही. लहानपणी ती अंगणातल्या चिमण्यांशी तासन्‌तास गप्पा मारायची. माणसांशी बोलत नाही ती पाखरांशी तरी बोलेल, ही त्या बापाची शेवटची आशा होती.

आपल्या परीने तो काही कमी करत नव्हता. पोरीला घडीभरही एकटं सोडायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. आई, आत्या, शेजारीण पाळीपाळीने तिच्याजवळ बसत. तो स्वतः घटकेघटकेला हातातलं काम टाकून येई आणि विचारी, "बरं वाटतंय ना? थोडी पेज घेतेस?" ती उठून अंगणाकडे निघाली की तो आडवा येई. "वारं लागेल गं," म्हणत दार लोटून घेई. मग ती भिंतीकडे तोंड करून बसे. त्याच्या मायेत खोट नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं.

गुरूने तिन्ही घरं हाती घेऊन पाहिली. सांध्यांवरून अंगठा फिरवला. "काम फार सुबक आहे हो," तो म्हणाला. मग त्याने तिसरं घर मांडीवर घेतलं, करवत उचलली आणि एक भिंत कापून टाकली.

"अप्पा!" शिष्य ओरडला.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. दुसरी भिंत गेली, तिसरी गेली, गोल दाराची फळीही गेली. चार कोपऱ्यांचे चार खांब, वर छप्पर आणि खाली दाण्यांची फळी एवढंच उरलं. त्या फळीवरचं पॉलिश त्याने कानशीने खरवडलं. बसायला लावलेली गुळगुळीत दांडी उपटून काढली आणि तिच्या जागी सालीसकट कडुनिंबाची एक काडी बांधली.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं होतं तर सांगायचं होतं. मोडलंत कशाला?"

"मोडलं नाही रे, उघडलं," गुरू म्हणाला. "तू जन्मभर कपाटं केलीस. आतलं बाहेर जाऊ नये, बाहेरचं आत येऊ नये, हा कपाटाचा धर्म. त्याच हाताने पाखराचं घर केलंस. पाखरू एक दाणा टिपताना चारदा मान वर करतं, पाहिलंयस ना? मांजर कुठून येईल आणि आपण कुठून उडू, हे त्याला दिसावं लागतं. भ्यालेल्या जीवाला भिंतीचा आधार वाटत नाही, धास्ती वाटते. इथून केव्हाही उठून जाता येईल अशी खात्री पटली, की मग तो टेकतो. छप्पर असू दे, दाणा भिजायला नको. पायाला खरबरीत काडी असू दे, घसरायला नको. दाणा घाल आणि तिथून बाजूला हो. पाहुणा जेवतोय का, हे ताटात वाकून पाहणाऱ्या यजमानाकडे कोण जेवेल? आपलं काम एवढंच. येणं त्याच्या मर्जीवर."

म्हातारा पाखरांविषयीच बोलत होता. शिष्य मात्र निम्म्यातच पाखरं विसरला होता. बराच वेळ तो कापलेल्या भिंतींचे तुकडे हातात घेऊन बसला.

"अप्पा, वाट किती दिवस पाहायची?" त्याने हळूच विचारलं.

"ते मला काय ठाऊक? तू दाणे घालत राहा."

घरी येऊन त्याने ते उघडं घर खिडकीबाहेर टांगलं. कुंदाजवळ बसलेल्या बायकांना आपापल्या कामाला लावलं आणि अंगणाचं दार सताड उघडलं. मग रंधा घेऊन तो अंगणाच्या पार टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसला. पन्नास वर्षांत इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं. मान सारखी मागे वळू पाहायची आणि तो ती आवरायचा.

तीन दिवस काही घडलं नाही. चौथ्या दिवशी मागे चिवचिव ऐकू आली. तो वळला नाही. सहाव्या दिवशी उन्हं कलताना पावलं वाजली. कुंदा उघड्या दारातून अंगणात आली आणि थोडी लांबच उभी राहिली. बरं वाटतंय का, हा प्रश्न त्याच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्याने गिळला आणि रंधा चालू ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "दाणे संपलेत."

त्याने आत जाऊन बाजरीने भरलेलं सूप आणलं, तिच्या हाती दिलं आणि दोन पावलं मागे सरला. ती दाणे घालू लागली. त्याने पुन्हा रंधा धरला खरा, पण त्याला समोरचं लाकूड दिसत नव्हतं, इतके डोळे भरून आले होते.