साळिंदराने बुजवलेल्या भेगा

सागाच्या एका जंगलात, मुरमाड उतारावर, एक साळिंदर राहत असे आणि त्याचा कोणावरही म्हणून विश्वास नसे. शेजारचा ससा नमस्कार करून गेला, तरी तो पाठ वळवून आपले काटे जागेवर आहेत ना हे पाहून घेई. मुलांनो, त्याला एवढ्यात हसू नका. संशयी प्राण्याला आपण लगेच वाईट ठरवतो. पण या साळिंदराला संशयी व्हायला कारण होते.

बिळासमोरच्या वावरात तो दरवर्षी आठ ओळी रताळी लावत असे. त्याचा आजा लावत होता, बाप लावत होता, तशीच. पण गेली तीन वर्षे त्या पिकात मुंगीएवढा एक काळा भुंगा शिरत होता. वरून वेल हिरवेगार, आणि खणायला जावे तर आत रताळ्यांची चाळण झालेली, चव कडूजहर. चोरून खायला आलेल्या रानडुकरानेसुद्धा ती थुंकून टाकली होती, आणि रानडुक्कर सहसा काही थुंकत नाही. मागच्या उन्हाळ्यात बिळातला साठा चैत्रातच संपला. पिल्ले भुकेने रडू लागली, तेव्हा साळिंदरीण उतार उतरून गावाच्या मळ्यात गेली आणि तिथे तिचा मागचा पाय सापळ्यात अडकला. पाय सुटला, पण तेव्हापासून ती लंगडत चाले. तिला पुन्हा त्या मळ्यात जावे लागू नये, एवढी एकच गोष्ट साळिंदराला या जगात हवी होती.

अशात, पेरणीच्या दिवसांत, एक बगळा उडत आला आणि वावराच्या बांधावर उतरला.

"आम्ही काही पक्षी पलीकडच्या तळ्याकाठी पिकं लावून बघत असतो," तो म्हणाला. "रताळी फुगायला लागली की जमिनीला भेगा पडतात. त्या भेगांतून भुंगा खाली उतरतो. आम्ही वेलांना मातीची भर देऊन भेगा बुजवल्या, तर रताळी वाचली. पण आमची माती चिकण आहे. तुमच्या मुरमात हे जमेल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या वावरात करून पाहिलं, तरच कळेल."

आता बघा, सल्ला द्यायला आलेला कोणी स्वतःच 'मला माहीत नाही' म्हणतो का? साळिंदराने डोळे बारीक केले. त्यातून हा बगळा. एका पायावर डोळे मिटून उभे राहायचे आणि मासा जवळ आला की गट्ट करायचा, ही त्याच्या कुळाची ख्याती.

"बगळेबुवा, यात तुमचा काय फायदा?" त्याने विचारले.

"वेलांखालचे किडे खायला मिळतील. आणि कळेल."

"काय कळेल?"

"चालतं की नाही ते."

नुसते कळावे म्हणून कोणी एवढे तळे ओलांडून येतो होय! साळिंदराला कुठेतरी पाणी मुरत असल्याचा वास आला. पण साळिंदरीण म्हणाली, "करून तर बघू या. आधीच कडू झालंय, आणखी काय व्हायचं राहिलंय?"

मग ठरले ते असे. आठांतल्या चार ओळींना बगळा भर देणार, आणि चार ओळी साळिंदराच्या जुन्या पद्धतीने राहणार. लागवड एकाच दिवशी, खुरपणी एकाच दिवशी. कोणत्या ओळी कोणाच्या, हे सशाने डोळे बांधून ठरवायचे. ते डोळेही साळिंदराने स्वतः पळसाच्या दोन पानांनी बांधले आणि गाठ तीनदा ओढून पाहिली.

"तुमच्या ओळींत नेहमी करता तेवढंच करा," बगळा जाताना म्हणाला. "कमी नाही, जास्त नाही."

ससा आणि रानडुक्कर यांच्याही वावरांत तोच भुंगा होता. साळिंदराकडे काय निघते ते पाहून पुढच्या वर्षी आपण काय करायचे ते ठरवू, असे त्या दोघांनी ठरवले.

पाऊस ओसरला, रताळी फुगू लागली, जमीन तडकू लागली. बगळा दर चार दिवसांनी सकाळी येई. आपल्या ओळींत पायांनी माती ओढून भेगा बुजवी. इथवर ठीक होते. पण मग तो साळिंदराच्या ओळींत जाई, भेगेत लांब चोच घाली, बराच वेळ तसाच उभा राही आणि पुढच्या भेगेकडे सरके.

करवंदीच्या जाळीमागे दडून साळिंदर हे सारे डोळ्यांत तेल घालून पाहत होता. "बघितलंस?" तो घरी येऊन फणकारला. "स्वतःच्या ओळीत चोच घालत नाही, माझ्याच ओळीत घालतो! भुंगे आणून सोडतोय माझ्याकडे. माझी रताळी सडली की याची उठून दिसणार. मग सगळं जंगल याच्या तालावर नाचणार."

खरे तर बगळा प्रत्येक भेगेतले भुंगे मोजत होता. जुन्या ओळींत किती भुंगे उतरतात हे कळल्याशिवाय भर दिल्याने काय साधले हे त्याला कसे कळणार? विचारले असते, तर त्याने हौसेने तासभर सांगितले असते.

"अहो, मग त्यांना विचारा ना," साळिंदरीण म्हणाली.

"चोराला विचारू, की बाबा, तू चोर आहेस का?"

साळिंदराने विचारले नाही. त्याने दुसरीच युक्ती काढली. दुपारी बगळा तळ्यावर गेला की तो आपल्या चार ओळींत शिरे आणि पुढच्या पायांनी माती ओढून एक-एक भेग घट्ट बुजवून टाकी. "आता घाल चोच!" असे पुटपुटत तो वरून थापटतही असे. नवी भेग पडली की पुन्हा माती, पुन्हा थापट. दोन महिने हे चालले. आपण नेमके काय करतो आहोत हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आले नाही.

बगळ्याला मात्र नवल वाटले. "तुमच्या ओळींत यंदा भेगा दिसत नाहीत, साळिंदरभाऊ," तो एकदा म्हणाला.

"आमची मातीच तशी आहे," साळिंदर म्हणाला.

बगळ्याने ते खरे धरले. ज्याचे वावर, त्याला आपली माती अधिक ठाऊक, असा त्याचा विचार. मला विचाराल तर इथे त्यानेही जरा संशय घ्यायला हवा होता.

माघात रताळी खणली. सारे जंगल बांधावर जमले. दोन ढीग झाले, आणि बगळ्याने एकेक रताळे फोडून पाहिले. त्याच्या ढिगात दहातली नऊ चांगली निघाली. साळिंदराच्या ढिगातही दहातली नऊ चांगली निघाली.

"हात्तिच्या!" रानडुक्कर खो-खो हसले. "मग हा सगळा खटाटोप कशाला केला?"

बगळा दोन्ही ढिगांभोवती फिरून पुन्हा मोजून आला. मग म्हणाला, "दोन्हीकडे सारखंच आहे. म्हणजे भर देऊन इथे काही फरक पडत नाही. माझा अंदाज चुकला. तुम्ही आपली जुनीच पद्धत ठेवा, उगाच जास्तीचे कष्ट करू नका." आणि तो उडून गेला.

साळिंदर उडत्या बगळ्याकडे पाहू लागला. लबाड असता, तर तो असे चारचौघांत म्हणाला असता का? त्या क्षणी आपण थापटलेली सगळी माती त्याच्या डोळ्यांपुढे आली. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते बोलायचे म्हणजे जाळीमागे लपलो होतो हे सांगायचे, खोटे बोललो हेही सांगायचे, आणि रानडुक्कर तर आधीच हसत होते. त्याने ते शब्द गिळले. शिवाय त्या वर्षी बीळ रताळ्यांनी भरले होते, उन्हाळाभर साळिंदरीण घरी होती, पिल्ले गोलमटोल झाली होती. भरल्या पोटी लाज लवकर विसरते.

पुढच्या वर्षी साऱ्या उतारावर जुन्याच पद्धतीने रताळी लागली. या वेळी बगळा नव्हता, म्हणून चोच अडवायची नव्हती, म्हणून साळिंदर भेगांकडे फिरकलाही नाही. भुंगा मात्र फिरकला.

माघात खणले, तर आठही ओळी कडू. सशाच्या कडू, रानडुकराच्या कडू. ससा एक किडके रताळे हातात घेऊन आला. "दादा, गेल्या वर्षी तुमची जुन्या पद्धतीनंच चांगली आली होती ना? तुमचं बघूनच आम्ही लावली. यंदा असं कसं झालं?"

साळिंदराने पाठ वळवली. तो बिळात जाऊन बसला.

चैत्रात साठा संपला. एका सकाळी साळिंदरीण बिळाच्या तोंडाशी उभी राहून खाली गावाकडे पाहू लागली. साळिंदर धडपडत पुढे झाला. "तू नाही, मी जातो."

"तुम्हाला सापळे कुठे असतात ते माहीत नाही. मला माहीत आहे," ती म्हणाली आणि लंगडत चालू लागली.

ते पाऊल काही साळिंदराला बघवेना. तो तिच्या वाटेत आडवा झाला आणि सगळे बोलून गेला : जाळी, भेगा, माती आणि ते खोटे. साळिंदरीण चिडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "हे मला सांगून काय होणार? ज्यांना फसवलंत, त्यांना सांगा."

ती मळ्यात गेली नाही. तो उन्हाळा त्या घराने झाडांच्या साली कुरतडून काढला. साळिंदराने ससा आणि रानडुकराला खरे ते सांगितले. ससा मान खाली घालून निघून गेला. रानडुक्कर या खेपेला हसले नाही. त्याने पाठ फिरवली आणि पुढे कित्येक दिवस ते साळिंदराशी बोलले नाही.

मग साळिंदर तळ्यावर गेला. बगळा उथळ पाण्यात उभा होता. साळिंदराने मान खाली घालून सारे सांगितले आणि बोलणी खायच्या तयारीने तो उभा राहिला. बगळ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि एकदम पंख फडफडवले.

"म्हणजे आठही ओळींत चाललं!" तो ओरडला. "मुरमातसुद्धा चालतं!" आणि तो गंभीर पक्षी पाण्यात दुडुदुडु धावू लागला. साळिंदर बघतच राहिला. याला खरोखरच नुसते कळून घ्यायचे होते!

धावता धावता बगळा मध्येच थांबला. त्याचे पंख हळूहळू मिटले.

"साळिंदरभाऊ," तो म्हणाला, "तुमच्याकडून निघालो तो मी सहा जंगलांत गेलो. सगळीकडे मुरमाड उतार. सगळ्यांना सांगत गेलो, की भर देऊ नका, काही उपयोग होत नाही. दोन जंगलांत काहीजण द्यायला लागले होते. माझं ऐकून त्यांनी सोडून दिलं."

सहा जंगले. तिथे किती बिळे असतील, आणि चैत्रात किती बिळांच्या तोंडाशी कोणीतरी उभे असेल! साळिंदराचे काटे अंगाला चिकटून बसले.

"त्या जंगलांना मी सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तर त्यांना वाटेल की तुम्ही चुकलात. चुकलो मी आहे."

पहिल्या जंगलात पोचायला त्याला चार दिवस लागले. तिथल्या बांधावर एक म्हातारी घूस आडवी आली. तिच्यामागे दहा-बारा प्राणी गोळा झाले.

"बगळा म्हणाला होता, भर देऊ नका. तुम्ही म्हणता, द्या," घूस म्हणाली. "खरं बोला, कोणी पाठवलंय तुम्हाला?"

साळिंदराने तिच्या बारीक केलेल्या डोळ्यांकडे पाहिले. ते डोळे आतून कसे असतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "चार ओळी तुमच्या ठेवा, चार ओळींना भर देऊ. माझा संशय आला की तोंडावर विचारा, दिवसातून दहादा विचारा. फक्त माझ्यामागे तुम्ही ओळींत काही केलंत, तर तेवढं मला सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून आज दारोदार फिरतोय."

घुशीने मागच्या प्राण्यांकडे एकवार पाहिले. मग तिने विचारले, "आणि आमचं यंदाचं गेलं, त्याचं काय?"

साळिंदर खाली वाकला आणि तिच्या वावरातल्या पहिल्या ओळीसाठी माती ओढू लागला.

तात्पर्य : संशय आला तर खुशाल घ्यावा, पण तो उघड विचारून फेडावा, लपून जपलेला संशय खऱ्या उत्तरालाही खोटे पाडतो, आणि ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही, अशांना त्याची किंमत मोजावी लागते.