आलो गं, घासतो भांडी

जनावरं माणसांहून स्पष्ट बोलायची, त्या काळची गोष्ट. मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून पळालेला राघू ऐकून पाठ झालेल्या मंत्रानं रानात झाडफूक करी. ते पाहून तळ्यावरच्या सोवळ्या बगळ्याच्या अंगाचा तिळपापड होई. तो म्हणे, “देव न मानणाऱ्या या राघूचा मंत्र चालेलच कसा?”

एके दिवशी बगळ्याच्या घशात माशाचा काटा अडकला. जप करकरून डोळे पांढरे झाले, तेव्हा तो मुकाट्यानं राघूपुढे जाऊन उभा राहिला.

राघू गरजला, “ॐ ह्रीं क्लीं फट्... आलो गं, घासतो भांडी!”

बगळ्याला असं हसू फुटलं की काटा टुणकन बाहेर उडाला. पंख जोडून त्यानं विचारलं, “राघोबा, या मंत्राचं दैवत कोणतं?”

“मांत्रिकाची बायको,” राघू म्हणाला. “तिच्याशिवाय तो कुणालाच मानायचा नाही.”