मोनीमायचा मान

खूप जुन्या काळी, मुलांनो आणि मुलांच्या आईबाबांनो, खाडीच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर केळीच्या बागा होत्या, गोड्या पाण्याची एक विहीर होती, चुन्याने रंगवलेलं एक चर्च होतं आणि त्या चर्चभोवती कौलारू घरांचं गाव होतं.

त्या गावात बस्त्याव नावाचा सुतार राहत असे. घरात माणसं तीन. तो, त्याची बायको कोंसू आणि त्याची आई. आईला सगळं गाव मोनीमाय म्हणायचं.

मोनीमाय म्हातारी होती, पण गप्प बसणारी नव्हती. ती इतक्या लवकर उठायची, की कोंबड्याला तीच उठवते असं लोक म्हणायचे. कोंबड्यांना दाणे टाकताना ती एकेकीशी भांडायची. विहिरीवर गेली, की घागर भरून पाणी आणायची आणि पदर भरून बातम्या. येताजाता लेकालाही बोलायची, "अरे, रंधा जरा नीट धर. लाकूड आहे ते, काकडी नाही!"

बस्त्याव हसायचा आणि रंधा नीट धरायचा.

एके दिवशी विहिरीच्या ओल्या दगडावरून मोनीमायचा पाय घसरला. फार लागलं नाही, गुडघा तेवढा खरचटला. पण बस्त्यावच्या काळजात धस्स झालं. आईचे केस किती पांढरे झाले आहेत, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत फादर म्हणाले, "आईबापांचा मान राखा. ही देवाची आज्ञा आहे, माझी नाही. मी सांगितलेलं विसरलात तरी चालेल, त्याने सांगितलेलं विसरू नका."

बस्त्याव मान खाली घालून घरी आला. त्याने माळ्यावरचं उत्तम सागवान काढलं आणि कामाला लागला. त्याने एक खुर्ची केली. उंच पाठीची, हातांवर द्राक्षवेल कोरलेली, बसायला मऊ गादी घातलेली. ती त्याने ओसरीवर ठेवली आणि आईला हाताला धरून तिच्यावर बसवलं.

"आई, आजपासून तू इथे बसायचं."

मोनीमायने द्राक्षवेलीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर केलीस रे! बरं, किती वेळ बसू?"

"किती वेळ म्हणजे? आता कायमचं. खूप कष्ट केलेस. आता एका कामाला हात लावायचा नाही."

मोनीमाय हसली. तिला वाटलं, लेक थट्टा करतोय.

पण लेक थट्टा करत नव्हता. ती चुलीपाशी गेली, की कोंसू तिच्या हातातली पळी काढून घ्यायची. "अहो आई, लोक काय म्हणतील मला?" ती दाण्यांची टोपली उचलायची, तर बस्त्याव धावत येऊन ती घ्यायचा. विहिरीचं तर नावच काढायला नको.

गावात ही गोष्ट पसरली. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून ओसरीवरची मोनीमाय बघायला येऊ लागली. बायका नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या, "बघा, बस्त्यावने आईला राणी केलंय. आणि तुमचे वडील अजून फाटक्या चटईवर!" मग काय, जो तो बस्त्यावकडे खुर्ची मागायला आला. बस्त्यावनेही आनंदाने करून दिल्या. बघता बघता गावातल्या प्रत्येक ओसरीवर एक खुर्ची आली आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा नाहीतर म्हातारी. खाडीतून जाणारे नावाडी त्या रांगा बघून डोक्यावरची टोपी काढायचे आणि म्हणायचे, "म्हातारपण यावं तर या बेटावर!"

गावकरी खूश झाले. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या फादरनाही एक खुर्ची दिली आणि झाडू, घंटेची दोरी, सगळं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

याच दिवसांत कोंसूला दिवस गेले. नवराबायकोला आनंद झाला. कोंसू म्हणाली, "आईंना सांगूया ना."

बस्त्याव म्हणाला, "आत्ता नको. उगाच काळजी करत बसेल. तिच्या जिवाला कसला त्रास नको."

तेही त्याने प्रेमानेच म्हटलं होतं.

हळूहळू एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. आई त्याला बोलेनाशी झाली होती. रंधा वाकडा चालला तरी बोलत नव्हती. कोंबड्या पायाशी येऊन कलकलाट करायच्या, तरी त्यांच्याशी भांडत नव्हती. ताट अर्धं परत यायचं. पुढे पुढे तर नुसतं चिवडलेलं परत येऊ लागलं. बस्त्यावने गादीत आणखी कापूस भरला. पाय ठेवायला चौरंग केला. उन्हासाठी वर छत बांधलं. जसजशी खुर्ची वाढली, तसतशी मोनीमाय तिच्यात लहान लहान होत गेली.

घाबरून त्याने वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि बस्त्यावला अंगणात नेलं.

"शरीराला काही झालेलं नाही. पण जगायची इच्छा संपत चालली आहे. असंच राहिलं, तर ती तुला फार दिवस दिसणार नाही."

आईला वाचवायला आणखी काय करावं, ते बस्त्यावला कळेना. खुर्चीला लावायचं ते सगळं लावून झालं होतं.

त्या बेटावरच्या चर्चचा सण म्हणजे प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा सण. त्या सणाची सकाळ उजाडली. कोंसू ओसरीवर आली आणि ओरडली, "अहो! आई कुठायत?"

खुर्ची रिकामी होती.

बस्त्याव रस्त्यावर धावला. बघतो तर शेजारची खुर्ची रिकामी. पलीकडची रिकामी. गावभर एकच गोंधळ उडाला.

"माझी आत्या तर कानाने ऐकतसुद्धा नाही, ती कुणाच्या हाकेला उठून गेली?"

"अहो, माझे बाबा अंथरुणावरून हलत नाहीत! ते कसे गेले?" हा डुमिंगबाबांचा मुलगा होता. डुमिंगबाबांचे हातपाय लुळे पडले होते.

फादरना सांगायला माणसं चर्चकडे पळाली, तर फादरही खुर्चीत नव्हते.

तेवढ्यात वाऱ्यावर खमंग वास आला. मिरी, आलं, भाजलेलं खोबरं. वासामागे माणसं निघाली आणि खाडीच्या काठावर, जिथे होड्या दुरुस्त करायची जुनी शेड होती, तिथे पोचली. शेडमधून हसण्याचा एवढा मोठा आवाज येत होता, की किनाऱ्यावरचे बगळे उडाले होते.

आत सगळ्या गावाची म्हातारी माणसं होती. सणाचं जेवण आपणच करू म्हणत, कोंबड्याच्याही आधी उठून मोनीमायने दारोदार जाऊन त्यांना जागं केलं होतं. कुणी खोबरं किसत होतं. कुणी भाकऱ्या थापत होतं. फादर पाटावर बसून कांदे चिरत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ऐकू न येणारी आत्या मोठमोठ्याने गात होती आणि तिचा सूर चुकतोय हे तिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं. डुमिंगबाबांना सगळ्यांनी मिळून मासळीच्या जाळ्यात घालून, झोळी करून आणलं होतं. ते मधोमध उशांना टेकून बसले होते. आणि मोठ्या हंड्यापाशी, पदर खोचून, पळी उगारून उभी होती मोनीमाय.

"मिरी अजून घाला! सणाचं जेवण आहे, आजाऱ्याची पेज नाही!"

किती दिवसांनी ऐकला बस्त्यावने तो आवाज! त्याला रडूही आलं आणि हसूही.

"आई," तो म्हणाला, "माझं काय कमी पडलं?"

मोनीमाय वळली. "कमी काहीच पडलं नाही रे बाळा. जास्तच झालं."

"पण मी तुला मान दिला ना?"

"दिलास. चर्चमधल्या संतांच्या पुतळ्याला देतात तसा दिलास. पण बस्त्याव, पुतळ्याकडे निदान माणसं काहीतरी मागायला येतात. माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही, कुणी काही विचारलं नाही."

डुमिंगबाबांचा मुलगा अडखळत म्हणाला, "मोनीमाय, तुमचं ठीक आहे, तुमचे हातपाय चालतात. पण माझे बाबा? त्यांना तर काहीच करता येत नाही."

"म्हणून काय त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवायचं? आमच्यात आहेत, हसतात, आम्हाला हसवतात. माणसाने माणसांत असायला आणखी काय करता यावं लागतं?" तिने पळीभर रस्सा फुंकून डुमिंगबाबांच्या ओठांशी नेला. "बाबा, मीठ?"

"कमी," डुमिंगबाबा म्हणाले. "आणि माझा पोरगा आलाय तर त्यालाही द्या. सकाळपासून उपाशी दिसतो."

मुलगा बापाच्या कुशीत जाऊन रडला.

फादरनी कांद्याच्या हाताने डोळे पुसले, त्यामुळे ते आणखीच वाहू लागले. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. मी आज्ञा सांगितली आणि अर्थ सांगायचा राहिला. आपला प्रभू क्रुसावर होता, तेव्हाही त्याला आईची काळजी होती. त्याने शिष्याला सांगितलं, ही तुझी आई. पण त्याआधी आईला काय सांगितलं? हा तुझा मुलगा. तिला सांभाळणारा दिला, तसं तिने ज्याला सांभाळावं असंही कुणीतरी दिलं. आपण पहिलं वाक्य विसरलो."

बस्त्याव पुढे झाला. "आई, घरी चल."

"कशाला?"

त्याच्या तोंडात शब्द आला होता, 'विश्रांतीला.' त्याने तो गिळला.

तेव्हा मागून कोंसू आली. तिने सासूचा हात धरला. "आई, मला दिवस गेलेत. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही सांगितलं नाही. पण मला भीती वाटते हो. पहिलीच वेळ आहे. काय खाऊ, काय करू, काही कळत नाही. तुम्ही मला सांगाल?"

मोनीमायच्या हातातली पळी हंड्यात पडली.

"अगं वेडे! कैऱ्या संपत होत्या तेव्हाच मला कळलं होतं. तू सांगशील, तू सांगशील, म्हणून त्या खुर्चीत रोज वाट बघत बसले होते मी." तिने सुनेला पोटाशी धरलं. मग एक डोळा मिटून लेकाकडे पाहिलं. "येते घरी. पण ऐक. माझा पाय घसरतो, हे खरं आहे. तेव्हा विहिरीवर मला हात दे. घागर तू उचल. पण विहिरीवर जायचं की नाही, ते मी ठरवणार."

"तू ठरव, आई."

"आणि आता ती पळी काढ. हात भाजून घेऊ नकोस, गाढवा."

गाढवा म्हटल्यावर बस्त्यावला इतका आनंद झाला, की त्याने हात भाजूनच घेतला.

त्या दिवशी सणाचं जेवण खाडीच्या काठावरच झालं. मोनीमाय पोटभर जेवली आणि वर आणखी भाकरी मागून घेतली. बस्त्याव तिच्या शेजारी जमिनीवर बसला होता. त्याने विचारलं, "आई, पाळणा कुठल्या लाकडाचा करू?" ती म्हणाली फणसाचा, कोंसू म्हणाली शिसवाचा, आणि तिघांचं जोरात भांडण झालं. शेवटी पाळणा फणसाचाच झाला. पुढे त्यात मुलगी निजली आणि आजीच्या आवाजाने तिला झोप लागू लागली.

त्यानंतर त्या बेटावर एक रीत पडली. घरात काही ठरवायचं असलं, की म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. कधी त्यांचं ऐकलं जाई, कधी जात नसे, पण विचारल्याशिवाय कुणी राहत नसे. त्यामुळे त्या गावात दुपारच्या वेळी फार कलकलाट असे. नावाडी अजूनही तिथे टोपी काढायचे, पण आता ते थांबायचे, उतरायचे आणि जेवून जायचे.

बोध: वडीलधाऱ्यांना उंच जागी बसवून विसरू नका, त्यांना आपल्यात बसवून विचारा, कारण देवाने सांगितलेला मान तोच आहे.